मदत हवी आहे: सीबीचा (सिटिझन्स बँड रेडिओचा) लिनियर, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प, हॅमच्या १० मीटर बँडवर चालेल का?

नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेत माझं हॅमचं (हौशी रेडिओचं) टेक्निशियन लायसन्स आहे, १० मीटरवर २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झमध्ये एसएसबीवर (आवाज पाठवायची एक पद्धत) बोलतो, रिग (रेडिओ सेट) साधारण १० वॅटची. बँड उघडा असला, म्हणजे सिग्नल लांब जात असले, की मजा, जरा पडला की कोणाला ऐकूच जात नाही. ओळखीतले एक हॅम त्यांचा जुना सीबीचा लिनियर देतायत, दोन ट्रान्झिस्टरवाला, गाडीत लावतात तसला, वर १५० वॅट छापलंय (त्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही, ते सोडा).

तर हे कायद्यात बसतं का? सीबीवर अ‍ॅम्प लावणं बेकायदाच, तिथे एएमला ४ वॅट आणि एसएसबीला १२ वॅट पीईपी (शिखरावरची पॉवर), विषय संपला. हॅमसाठी विकायच्या एचएफ (शॉर्टवेव्ह) अ‍ॅम्पला एफसीसीचं (अमेरिकेच्या रेडिओ नियामकाचं) सर्टिफिकेशन लागतं आणि २६ ते २८ मेगाहर्ट्झवर तो गेन देत (सिग्नल वाढवत) असेल तर ते मिळत नाही हेही कळलं. पण पार्ट ९७ (एफसीसीचे हॅमसाठीचे नियम) मध्येच असंही आहे ना की हॅमने स्वतःच्या स्टेशनसाठी बांधलेला किंवा मॉडिफाय केलेला अ‍ॅम्प चालतो, मग मी त्यात लो पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) बसवला तर झालं का? २०० वॅटची आमची मर्यादा पाळीनच. २८.४ चं दुसरं हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पटीवर उमटणारा सिग्नल) ५६.८ वर, म्हणजे टीव्हीच्या २ नंबर चॅनलमध्ये, तिसरं ८५.२ वर, फिल्टरने दोन्ही जातील असं वाटतंय.

उत्तर १: मॉडिफाय केलेला चालतो, बरोबर. पण हवेत काय जातंय त्याची जबाबदारी तुमचीच. ३० मेगाहर्ट्झखाली ट्रान्समिट करताना स्प्युरियस (नको असलेले सिग्नल) मूळ सिग्नलच्या निदान ४३ डीबी खाली हवं, म्हणजे १०० वॅटला जेमतेम ५ मिलिवॅट. हार्मोनिक फिल्टरने जातील हो, स्प्लॅटर (शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडणारा कचरा) नाही जाणार. यातले बरेचसे अ‍ॅम्प क्लास सी, ट्रान्झिस्टरला बायसच (सिग्नल नसतानाही तो थोडा चालू ठेवणारा करंट) नसतो, त्यामुळे आवाजाचा हळू भाग गिळला जातो आणि जो कचरा होतो तो तुमच्या सिग्नलला चिकटून, चार-पाच किलोहर्ट्झवर, बँडच्या आतच. तो कुठला फिल्टर काढणार? नावाला लिनियर! सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एफएमला क्लास सी चालतो, एसएसबीला नाही.

उत्तर २: शिवाय १० चे १०० वॅट झाले तरी १० डीबी, एस मीटरवर (रेडिओवरचा सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) दोन घरंसुद्धा नाहीत. मी असतो तर आधी अँटेना वर चढवली असती.

धागाकर्ता: अँटेना आहे तिथेच राहणार, जागा नाही. बायस नंतर घालता येतो का?

उत्तर १: येतो, पण बायसचा डायोड ट्रान्झिस्टरला चिकटून बसवा, नाहीतर गरम झाला की करंट वाढत जाऊन ट्रान्झिस्टर उडतो. मग टू टोन टेस्ट (दोन सूर देऊन आउटपुट स्वच्छ आहे का ते बघणं), डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर). आधी झाकण उघडून आतला फोटो टाका.