लेक्चर बेसिसवर सहावं वर्ष चालू आहे. वेर्ण्याला फार्मा कंपनीत जाऊ की थांबू?

मिठागरातली
नमस्कार. मी गोव्यातल्या पेडण्याची, वय ३४. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी., प्राध्यापकीची सेट परीक्षा पास. तीन कॉलेजांत मिळून लेक्चर बेसिसवर पाच वर्षं झाली, जूनपासून सहावं चालू आहे. तासाप्रमाणे पैसे. चवथीच्या सुट्टीत नाहीत, मे महिन्यात तर नाहीतच. गेल्या मेमध्ये स्कूटरचा विमा आईने भरला. ती काही बोलली नाही, पण मला जे समजायचं ते समजलं.

आता वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणून बोलावलंय. महिना ४२ हजार, तीन पाळ्या, म्हापशाहून कंपनीची बस. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे.

अडलंय कुठे ते सांगते. माझं काम मिठागरातल्या हॅलोआर्कियांवर, म्हणजे खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर. मीठ धरायच्या आधी आगरातलं पाणी गुलाबी, कधी विटकरी होतं ना, ते हेच. यांना मीठच लागतं, गोड्या पाण्यात टाकले तर फुटून जातात. आजोबा आगरात राबायचे. म्हणायचे, पाणी तांबूस झालं की मीठ आलंच समज. माझ्या गाईडच्या लॅबमध्ये फ्रिजात माझी ३८ कल्चर्स, म्हणजे या जीवांचे वाढवून जपलेले नमुने, आहेत. मी गेले की त्यांना कोण बघणार? हे ऐकून नवरा हसतो. म्हणतो, "अगो, मांजरं पाळली असतीस तर निदान कुणाला देता तरी आली असती."

दुसरं म्हणजे, उद्या कायम जागा निघाली तर? रहिवासी दाखला आहे, कोकणी घरचीच, म्हणजे त्या अटींत अडायची नाही. आत्ता सोडलं तर ही पाच वर्षं फुकट जातील असं वाटतं. कायम असिस्टंट प्रोफेसरचा, म्हणजे लेव्हल १० चा, सुरुवातीचा मूळ पगार ५७,७००, तोही डोळ्यांसमोर नाचतो. खोटं कशाला बोलू.

फर्मागुडीचा_मास्तर
बाय, यूजीसीची २०१८ ची नियमावली काढ आणि कॉलेजसाठीचा गुणांचा तक्ता बघ. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. म्हणजे पाच वर्षांत तुझा कोटा भरला. सहाव्या वर्षाचे गुण शून्य, दहाव्याचेही शून्य. शोधनिबंधाला २, तेही ६ वर थांबतात. पीएच.डी.चे २५ तुला कुठेही गेलीस तरी मिळणारच. शिवाय हे सगळे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड मुलाखतीवर.

पुढे बढतीला जुनी सेवा धरतात, पण तेव्हाचा पगार कायम माणसापेक्षा कमी नसावा अशी अट आहे. तासाच्या पैशांत ती कशी बसणार?

पाच वर्षं फुकट जाणार नाहीत. आता पुढची जातायत. मी स्वतः नऊ वर्षं लेक्चर बेसिसवर काढली आणि मग लागलो. माझ्याबरोबरचे दोघे अजून तिथेच आहेत, त्यामुळे माझं उदाहरण घेऊ नकोस.

दोन_आणे
नवरा कमावतोय ना? मग शिकवत राहा की. शिक्षकी पेशाला मान आहे.

मिठागरातली
@दोन_आणे, मान आहे, म्हणूनच विमा आईने भरला.

मास्तर, तो तक्ता मी अर्ज करताना तीनदा भरलाय. १० वर थांबतो हे दिसत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता.

रात्रपाळी_वेर्णा
मी याच कामात अकरा वर्षं आहे. गोडगोड सांगत नाही. तुझं आयुष्य जीव वाढवण्यात गेलं. इथे प्लेटवर एक ठिपका उगवला तरी चार माणसांची झोप उडते. स्टराइल (निर्जंतुक) भागात हवेतले जंतू पकडणारी सेटल प्लेट चार तासांपर्यंत उघडी ठेवायची, मीडिया फिल (औषधाऐवजी जंतूंचं खाद्य भरून घेतलेली चाचणी) चौदा दिवस उबवायचा, शुद्ध पाणी रोज तपासायचं, जंतू मिलीलिटरला १०० च्या आत. घड्याळ, मंगळसूत्र, नेलपॉलिश सगळं बाहेर. पावसाळ्यात बुरशी डोकं वर काढते, तेव्हा तर विचारू नकोस. आणि लिहायचं किती! काम एक तास, नोंदी दोन तास. संशोधन विसर.

पण एक तारखेला पगार होतो. मेमध्ये पण होतो. पहिले सहा महिने रात्रपाळीचा त्रास होईल, नंतर शरीर ऐकतं. पीएच.डी. आहे म्हणून कुणी वेगळं वागवणार नाही. बी.एस्सी. झालेली पोरगी तुला स्टराइल भागातला गाऊन चढवायला शिकवेल, तेव्हा राग आणू नकोस.

जुना_लॅबवाला
कल्चर्सबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी. वेडेपणा बिलकुल नाही तो. नाव लागलेली आणि निबंधात आलेली चंडीगडच्या एमटीसीसीला, म्हणजे सूक्ष्मजीव जपून ठेवणाऱ्या संग्रहाला, पाठवता येतात का ते विचार. बाकीच्यांना फ्रिज कशाला हवा? दाट मिठाच्या पाण्यात वाढव, ते पाणी सावकाश सुकू दे. स्फटिकाच्या आत अडकलेल्या पाण्याच्या थेंबात हे लोक वर्षानुवर्षं तग धरतात. बाटलीवर नाव, आगर, तारीख लिही आणि कपाटात ठेव. पण त्याआधी सगळी एकदा ताज्या माध्यमावर घे, जिवंत किती ते कळेल.

मिठागरातली
अठरा दिवसांनी लिहितेय, माफ करा. यांची वाढ हळू, थांबावं लागलं.

३८ पैकी ३१ उगवली. सात कधीचीच मेलेली होती. त्यांतली दोन नेरूलच्या आगरातली, माझ्या पहिल्या निबंधातली. शेवटची नोंद पावणेदोन वर्षांपूर्वीची, माझ्याच अक्षरात. सकाळी म्हापसा, दुपारी पणजी, संध्याकाळी उत्तरपत्रिका, यात लॅबकडे फिरकायला मला वेळच नव्हता. मी गेले तर कोण बघणार म्हणून गळा काढत होते, आणि असताना तरी कोण बघत होतं?

गाईडना सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "वह्या इथेच ठेवून जा." ३१ मिठात घातलीत, जॅमच्या बाटल्यांत. नवऱ्याने लेबलं लिहिली, स्पेलिंगच्या चुका करून.

वेर्ण्याला होकार कळवला. चालू सत्राची प्रॅक्टिकल्स संपवून रुजू होईन म्हटलं, त्यांनी मान्य केलं. @रात्रपाळी_वेर्णा, सकाळच्या पाळीची बस म्हापशाला नेमकी कुठे थांबते? आणि पेडण्याहून त्या वेळेला कदंबा बस मिळते की स्कूटरच काढावी लागेल?

रात्रपाळी_वेर्णा
स्कूटर काढ. रेनकोट डिकीत कायम ठेव.