'शिकार स्पर्धा' म्हणावं का?

प्रश्न:
न्यूयॉर्क राज्यातल्या एका कायद्यावरचा लेख मराठीत करतेय. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपालांनी त्यावर सही केली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून तो लागू झाला. ठरलेल्या वेळात कोण जास्त कोयोटी (लांडग्याच्या कुळातला तिकडचा रानटी प्राणी), खार किंवा रॅकून (शेपटीवर पट्टे असलेला तिकडचा छोटा प्राणी) मारतो यावर बक्षिसं लावायची, अशा स्पर्धांना त्यानं बंदी घातली. मी 'कोल्ह्यांच्या शिकार स्पर्धा' असं लिहिलंय, पण 'शिकार' मनाला पटत नाही.

प्रतिसाद:
ताई, आधी 'कोल्हा' काढा. कोल्हा, खोकड, लांडगा ही आपल्याकडची नावं नेमक्या तीन प्राण्यांची आहेत. कोयोटी त्यांतला कुठलाच नाही. शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतला, स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आलेला. तसाच ठेवा.

प्रतिसाद:
'शिकार' मलाही नको वाटतो. बिबट्या शेळीची शिकार करतो, त्यात भूक असते. इथे काय असतं? मरणाऱ्या सशाच्या किंकाळीचा आवाज भोंग्यावर लावतात. खायला मिळेल म्हणून प्राणी जवळ येतो आणि गोळी खातो. संध्याकाळी वजनकाटा. जास्त संख्येला बक्षीस, सगळ्यात जड प्राण्याला बक्षीस, आणि कित्येक ठिकाणी सगळ्यात लहान प्राण्यालाही. हे शेवटचं वाचून मी थांबलो होतो. याला 'हत्या-स्पर्धा'च म्हणावं.

प्रतिसाद:
भावना समजते, पण कायद्यावरच्या लेखात 'हत्या' घातलं की वाचकाला वाटेल शिकारीवरच बंदी आली. तसं नाही. परवाना काढून हंगामात कोयोटी आजही मारता येतो. बंदी आहे ती चढाओढीवर आणि इनामावर. हरीण, अस्वल, टर्की आणि मासेमारीच्या स्पर्धा तर त्यातून वगळल्या आहेत. कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये हेच केलं. तिथं मोडॉक परगण्यातल्या स्पर्धेवरून २०१३ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि मग राज्याच्या आयोगानं बक्षीस देण्यालाच मनाई केली. तेव्हा 'बक्षीस' हा शब्द मथळ्यात हवाच.

प्रतिसाद:
'पारध' चालेल का? जुना, घरचा शब्द आहे.

प्रतिसाद:
कृपा करून नको. पारध म्हटलं की पारधी समाज डोळ्यांसमोर येतो. पोटासाठी तितर-ससे धरणाऱ्या माणसांवर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो अजून पुसला गेलेला नाही. इनामासाठी मारून टाकण्याला त्यांचा शब्द देऊ नये.

प्रतिसाद:
आणखी एक शब्द जपून करा. तिकडे कोयोटीला 'व्हार्मिंट' म्हणतात. हे 'व्हर्मिन'चंच बोलीतलं रूप, आणि त्याच्या मुळाशी किडा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे नाव घेतानाच प्राण्याला किडा ठरवलं. मराठीत 'उपद्रवी प्राणी' लिहितात. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अशा प्राण्यांची वेगळी अनुसूची होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती गेली. पण केंद्र सरकार आजही एखाद्या प्राण्याला ठरावीक भागापुरतं तसं जाहीर करू शकतं. शेतकऱ्याचं नुकसान खरं असतं, ते नाकारू नये. पण अंदाधुंद मारून कोयोटी कमी होतात असं नाही. कळप मोडला की एरवी न व्यायणाऱ्या तरुण माद्यांनाही पिल्लं होतात. म्हणून 'उपद्रवी' हा शब्द लेखकाच्या तोंडी नको, 'आयोजकांच्या मते उपद्रवी' असं लिहा.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. मथळा असा करतेय: 'प्राणी मारण्याच्या बक्षिसी स्पर्धांना न्यूयॉर्कमध्ये बंदी'. 'कोल्हा' सगळीकडून काढला. वजनकाट्याचा आणि लहान प्राण्याच्या बक्षिसाचा तपशील पहिल्याच परिच्छेदात घेतला, तिथं 'हत्या' न म्हणताही वाचकाला कळेल. फक्त 'बक्षिसी' की 'इनामी', एवढं सांगा. आमच्याकडे 'इनामी' म्हटलं की कुस्त्या आठवतात.

प्रतिसाद:
मग 'बक्षिसी'च ठेवा. कुस्तीत हरलेला पैलवान उठून घरी जातो.