मदत हवी आहे : पुणे पासिंगची जुनी मोटरसायकल, मीटरवर विश्वास ठेवावा का? (इंदूर)

नमस्कार. धाकट्या भावाला पीथमपूरला नोकरी लागली आहे. आम्ही सुदामा नगरात राहतो, म्हणजे रोज राऊवरून हायवेने जाणं-येणं, शिफ्ट असेल तेव्हा रात्रीचंही. त्या रस्त्यावर ट्रक किती असतात ते इंदूरकरांना सांगायला नको. नवी गाडी सध्या झेपणार नाही, म्हणून जुनी बघतोय. दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील, पण गाडी भरवशाची हवी.

एक पसंत पडली आहे. १५० सीसी, २०१९ची, एमएच १२. विकणारा मुलगा शिकायला पुण्यात होता, तिथे एका मित्राकडून गाडी घेतली आणि परत येताना इकडे आणली. आरसी अजून त्या मित्राच्याच नावावर आहे.

अडलंय ते मीटरपाशी. मीटरवर १९,४०० किमी आहे. सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत सर्व्हिसची जुनी बिलं होती, ती मी तिथेच उभ्या उभ्या वाचली. त्यात २०२२च्या एका जॉब कार्डावर चक्क २७,८०० लिहिलंय! विचारलं तर म्हणाला, पावसात मीटरमध्ये पाणी गेलं म्हणून बदललं. असं होऊ शकतं, मान्य. पण बदलल्याचं बिल नाही, आणि कधी बदललं तेही त्याला नीट सांगता येईना. त्या सर्व्हिसनंतर बदललं असेल तर गाडी निदान ४७,२०० चाललेली आहे. मीटर मागे फिरवलं असेल तर काहीच सांगता येत नाही.

शिवाय आम्ही पोचलो तेव्हा इंजिनाला हात लावून बघितला, कोमट होतं. आमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली असावी.

खासगी दुचाकीला पंधरा वर्षं होईपर्यंत आरटीओची फिटनेस तपासणी लागत नाही आणि पीयूसीत फक्त धूर बघतात. मग गाडीच्या तब्येतीची नोंद मिळणार कुठून? एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकला तर पीयूसी चालू दिसतंय, विमा २०२४ मध्ये संपलाय, आणि फायनान्स कंपनीचं नाव अजून तसंच आहे. खरं रनिंग कसं काढायचं आणि या कागदांवर गाडी घ्यावी का, जाणकारांनी कृपया सांगा. भाऊ उतावीळ झालाय, मीच थांबवून धरलंय.

प्रतिसाद १

ताई, थांबवलंत ते बरं केलंत. चॅसी नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. गाडीची कामं पुण्यात झाली असली तरी जुन्या जॉब कार्डांच्या नोंदी बहुधा इथेही कॉम्प्युटरवर दिसतात, आणि प्रत्येक नोंदीत किमी असतं. विकणाऱ्याला सोबत न्या, म्हणजे माहिती द्यायला ते का-कू करणार नाहीत. मीटर तिथे बदललं असेल तर तारीखच मिळेल.

बाहेर बदललं असेल तर गाडीवरच्या खुणा बघा. गियर लिव्हरचं आणि फूटरेस्टचं रबर १९ हजारात गुळगुळीत होत नाही. डिस्कच्या कडेला नख फिरवा, धार लागली तर डिस्क बरीच घासली आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, १२१९ म्हणजे २०१९चा बारावा आठवडा. टायर आणि चेनसेट बदललेले असू शकतात, म्हणून एकाच खुणेवर निर्णय नको.

पुन्हा बघायला सकाळी जा आणि आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नको, असं आधीच बजावून ठेवा. थंड इंजिन चालू केल्यावर निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, मग ती गाडी सोडाच. हायवेला चालवायची आहे तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, जरूर बघा. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल हळूहळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेलाय. शॉकअपच्या नळीवर ऑइलची ओल दिसली तर सील गेलंय. ही दोन्ही कामं होण्यासारखी आहेत, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या. आपला मिस्त्री सोबत असू द्या.

प्रतिसाद २

मला मीटरपेक्षा आरसीची काळजी वाटते. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही त्या पुण्याच्या मित्राची लागेल, विकणाऱ्याची चालणार नाही. कर्ज फिटलं असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आधी ती नोंद काढायला लावा. मग पुणे आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. त्यानंतर नायता मुंडल्याच्या आरटीओत इथलं पासिंग होईल आणि मध्य प्रदेशचा रोड टॅक्स भरावा लागेल. तो खर्च किमतीत धरलाय का? चलानही बघा, महाराष्ट्राचे आणि इथले दोन्ही. विमा तर नवाच काढावा लागणार.

मित्राला स्वतः फोन करा. गाडी त्याने कधी विकली आणि तेव्हा मीटर किती होतं, हे विकणारा शेजारी नसताना विचारा. तो सही द्यायला तयार नसेल तर टोकन म्हणूनसुद्धा एक रुपया देऊ नका.