मदत हवी आहे: आमवातावरील संशोधनलेखांचे संगणकीय विश्लेषण, आलेखात जुनी वर्षे कोरी येतात

विडीघरकुल:
नमस्कार. मी सोलापुरात एम. फार्म. करतो आहे. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या औषधोपचारांवरील लेखांचे सारांश पबमेड या वैद्यकीय लेखांच्या नोंदसंग्रहावरून पायथनने उतरवून, कोणत्या औषधाचा उल्लेख कोणत्या वर्षी किती वेळा येतो, याचा आलेख मी काढला आहे. मेथोट्रेक्सेट एवढे जुने औषध, तरीही आलेखात फक्त अलीकडची वर्षे दिसतात आणि मागची सगळी कोरी आहेत. प्रोग्रॅम कोणतीही एरर न देता पूर्ण होतो. सोमवारी मार्गदर्शकांना आलेख दाखवायचा असल्याने कृपया नेमका उपाय सांगावा. ‘आधी पायथन नीट शिका’ छापाचे सल्ले नकोत.

आकडेमोड:
शोधासाठी कोणते शब्द दिले आणि फाइलमध्ये एकूण किती नोंदी उतरल्या, हे दोन्ही तुम्ही लिहिलेले नाही. त्यावाचून उपाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता काढा देणे.

सातरस्ता:
एवढा खटाटोप हवाच कशाला? विषय सांगून एखाद्या एआय चॅटबॉटकडून तक्ता करून घ्यावा. माझ्या प्रकल्पाचे काम असेच एका बैठकीत उरकले.

कंबरतलाव:
सातरस्ता, चॅटबॉट कधीच न छापलेल्या लेखांचेही संदर्भ छातीठोकपणे देतो. बहिस्थ परीक्षकांनी त्यातला एक लेख काढून दाखवायला सांगितला, तर काय करणार?

होटगीरोड:
मेथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझ्या आईला आमवात आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. घरातल्या सर्वांनी हे लक्षात ठेवावे.

विडीघरकुल:
होटगीरोड, सूचना मोलाची आहे, परंतु माझा प्रश्न निराळा आहे. आकडेमोड, नोंदी बरोबर ९,९९९ आहेत. शोधात आमवाताचा मेश शब्द (पबमेडने लेखांना लावलेला ठरावीक विषयशब्द) आणि औषधोपचार हे उपशीर्षक, एवढेच दिले होते.

आकडेमोड:
मग दुखणे सापडले. पबमेडची ई-सर्च सेवा एका शोधातल्या पहिल्या ९,९९९ नोंदीच देते, आणि क्रम वेगळा न मागितल्यास त्या नव्याकडून जुन्याकडे येतात. त्यामुळे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कमी मात्रेच्या मेथोट्रेक्सेटच्या चाचण्या तुमच्या फाइलपर्यंत पोहोचतच नाहीत. प्रकाशन-वर्षाची अट घालून प्रत्येक वर्षाचा शोध स्वतंत्र चालवावा आणि मिळालेल्या नोंदी पीएमआयडीवरून, म्हणजे प्रत्येक लेखाच्या पबमेड क्रमांकावरून, एकत्र कराव्यात. एपीआय की (सेवा वापरण्यासाठी मिळणारी ओळख-किल्ली) नसेल तर सेकंदाला तीनच विनंत्या चालतात, हे ध्यानात ठेवून मध्ये विराम ठेवावा.

सातरस्ता:
त्यापेक्षा ईडायरेक्ट हे पबमेडमधून नोंदी उतरवण्याचे तयार साधन वापरावे. ते मोठ्या शोधाचे तुकडे आपोआप पाडते.

आकडेमोड:
ते युनिक्सच्या कमांडलाइनवर चालते. यांचा संगणक कोणता, हे यांनी कुठे सांगितले आहे?

विडीघरकुल:
महाविद्यालयाच्या लॅबमधला विंडोजचा संगणक आहे आणि त्यावर काहीही इन्स्टॉल करण्याची परवानगी नाही.

आकडेमोड:
मग वर्षवार पायथनच बरे.

कंबरतलाव:
कोरी वर्षे भरतील, पण माझी खरी हरकत उल्लेख मोजण्यालाच आहे. मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांना तेच औषध चालू ठेवून वर ॲडालिमुमॅब किंवा टोफासिटिनिब द्यायचे, अशी मांडणी कितीतरी चाचण्यांत असते. अशा प्रत्येक सारांशात मेथोट्रेक्सेटचे नाव येते, परंतु चाचणी त्याची नसते. शिवाय एकाच चाचणीवर अनेक लेख निघतात, म्हणून एनसीटी क्रमांकावरून (चाचणीच्या नोंदणी क्रमांकावरून) त्यांचे गट करावेत. जुन्या लेखांत टोफासिटिनिब हे नाव मिळणारच नाही. तिथे सीपी-६९०,५५० हा सांकेतिक क्रमांक किंवा टासोसिटिनिब शोधावे लागते.

आकडेमोड:
हे सगळे सोमवारपर्यंत होणार नाही. त्यांनी उल्लेखांचा आलेखच मागितला आहे. तो आधी पुरा होऊ द्या.

कंबरतलाव:
मग आलेखाखाली ‘उल्लेख म्हणजे परिणामकारकता नव्हे’ एवढे तरी ठळक छापावे. आणखी एक गोष्ट: आमवाताचा मेश शब्द साधा दिला, की त्याच्या पोटातला श्योग्रेन सिंड्रोम हा वेगळा आजारही शोधात येतो. तो नको असेल तर नोएक्स्प (पोटविषय वगळण्याची खूण) जोडावे.

विडीघरकुल:
दोघांचेही आभार. १९८५ चा शोध स्वतंत्र चालवून पाहिला आणि मेथोट्रेक्सेटच्या चाचण्या आल्या. उरलेली वर्षे रात्री लावून ठेवतो. श्योग्रेन ठेवायचा की वगळायचा, हे मात्र मार्गदर्शकांनाच विचारतो.