मदत हवी आहे : पणजोबांच्या दुनळीवर 'आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.' असं लिहिलंय. ओळख आणि किंमत?

नमस्कार मंडळी,

राजापूरजवळच्या आमच्या घरात पणजोबांपासून एक बारा बोअरची दुनळी आहे. होती म्हणायला हवं. लायसन बाबांच्या नावावर होतं, ते गेल्या वर्षी गेले. बंदूक आता एका डीलरकडे रीतसर जमा आहे, पावती माझ्याकडे आहे. (हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद 'आधी पोलीस ठाण्यात जा' असे येणार नाहीत.)

पीक संरक्षणाचं लायसन. रानडुकरं आणि वानर एवढंच तिचं कार्यक्षेत्र. माझ्या लहानपणी ती बागेत जास्त गेली की ठाण्यात, सांगता येणार नाही. आचारसंहिता लागली की बाबा ती गोणपाटात गुंडाळून जमा करून यायचे आणि आजी विचारायची, "गेली काय मतदानाला?"

घरची कथा अशी, की पणजोबा मुंबईला एका साहेबाकडे कारकून होते आणि साहेबाने विलायतेला परत जाताना ही बक्षीस दिली. चुलतभावाचं म्हणणं, नावात आर्मी आहे म्हणजे लष्कराची, म्हणजे दुर्मीळ, म्हणजे लाखोंची. डीलरचं म्हणणं, "माल भंगार आहे, नळ्या फुटतील, मीच घेतो काढून." भंगार आहे तर एवढी घाई कशाला, म्हणून इथे विचारतोय.

डीलरसमोर बसून टिपलेलं वर्णन :

घोडे बाहेर, दोन. चाप दोन. नळ्या साधारण तीस इंच. डाव्या नळीवरचं पॉलिश जरा उडालंय, तिथे उन्हात धरल्यावर लोखंडात बारीक भोवरे दिसतात, ओल्या वाळूवर बोटं फिरवावीत तसे. वरच्या पट्टीवर शीर्षकातलं नाव. नळ्या उतरवल्यावर खालच्या सपाट भागावर छाप आहेत : मुकुट, त्याखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि भोवती बी, पी, सी ही अक्षरं, तसाच दुसरा छाप, त्यात फक्त व्ही, शंकरपाळ्याच्या आकारात १२ आणि सी, डाव्या नळीवर 'चोक' हा शब्द. दस्त्याला मुठीपाशी चीर आहे, तिथे पितळी तारेचे वेढे मारलेत (आजोबांचं काम).

कोणत्या सालची? कोणी बनवली? किंमत काय धरावी?

प्रतिसाद :

छान टिपलंय तुम्ही. बरेच जण नुसता दस्त्याचा फोटो टाकतात आणि किंमत विचारतात.

आधी नाव. हे लष्कर नाही, दुकान आहे. सी. एस. एल. म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. अधिकाऱ्यांना स्वस्तात माल मिळावा म्हणून १८७१ मध्ये लंडनला ही सोसायटी निघाली; लोणच्यापासून तंबूपर्यंत सगळं विकायची. मुंबईची शाखा १८९१ ची. काळा घोड्याची ती इमारत अजून उभी आहे. बंदुका सोसायटीवाले स्वतः बनवत नसत, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांकडून घेऊन आपलं नाव घालत. आपल्याकडे सराफ घडवून घेतो एकाकडून आणि शिक्का मारतो आपला, तसंच. नाव दुकानदाराचं, पण खालचे छाप नळ्यांची ताकद तपासणाऱ्या सरकारमान्य परीक्षागृहाचे. वय ठरवायला तेच बघायचे.

राजदंडांची फुली म्हणजे बर्मिंगहॅमचं परीक्षागृह. हा छाप १९०४ मध्ये बदलला, म्हणजे तुमची बंदूक त्याआधीची. शंकरपाळ्यातला १२-सी १८८७ पासून मारू लागले. 'चोक' (म्हणजे तोंडाशी किंचित आवळलेली नळी) हा शब्दही तेव्हापासूनच, त्याआधी अशा नळीवर 'नॉट फॉर बॉल' लिहीत, म्हणजे यातून गोळी मारू नका, फक्त छर्रे. तेव्हा १८८७ ते १९०४ मधली धरा.

ते भोवरे म्हणजे डमॅस्कस. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेली नळी. ती चौकशी न करता भंगार ठरवणं चूक आहे, आणि बिनधास्त वापरणं त्याहून मोठी चूक. तुम्ही लिहिलेल्या छापांत 'नायट्रो' (म्हणजे आताची बिनधुराची दारू) शब्द किंवा एन. पी. अक्षरं नाहीत, म्हणजे परीक्षा फक्त काळ्या दारूवर झाली आहे. शिवाय त्या काळच्या बारा बोअरचं काडतूस बसायचं घर बहुधा अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मि.मी.चं असतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं ७० मि.मी.चं काडतूस त्यात सहज बसतं, आणि घात तिथेच आहे : बार झाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. तुमच्या वडिलांनी काय वापरलं ते विचारत नाही, पण यापुढे नको.

आता किंमत. पर्डी किंवा हॉलंड या लंडनच्या महागड्या बंदूकवाल्यांच्या रांगेतली ही नव्हे. चांगल्या घरची, पण साधी. आकडा नळ्यांवर ठरेल. डीलरला सांगून नळ्या सुट्या करा, खालच्या लोखंडी कानाला दोरी बांधून लटकवा आणि नखाने टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखी घुमली तर पट्टीचं डाखकाम शाबूत. बद्द वाजली तर कुठेतरी सुटलंय. मग पुढचं लाकूड काढून बंदूक मिटवा आणि हलवा. बिजागरीत खुळखुळली तर झीज आहे. आतून उजेडाकडे धरून पोचे आणि गंजाचे खड्डे बघा. आणि एक हात जोडून विनंती : पॉलिश पेपर लावू देऊ नका कोणाला. छाप पुसट झाले की ओळखही गेली आणि किंमतही.

प्रतिसाद :

चुलतभावाला सांगा, लंडनच्या लिलावातले आकडे मोबाईलवर बघून स्वप्नं रंगवू नकोस. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. गिऱ्हाईक इथलंच, तेही लायसनवालं.

'जुनी आहे, लायसन लागत नाही' असंही कोणी सांगेल. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे. तुमची चालते. वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा, बाकीच्या वारसांचं ना-हरकत घ्या. विकायची असली तरी डीलरला लगेच हो म्हणू नका, दुसरा लायसनधारकही घेऊ शकतो. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

प्रतिसाद :

तारेचे वेढे काढू नका हो. आजोबा आहेत ते.

धागाकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. आज परत जाऊन आलो. टिचकी मारली. घुमली! डीलरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बिजागरी मात्र किंचित खुळखुळते. पुढच्या लाकडाच्या लोखंडावर आणि नळीवर नंबर एकच आहे.

वारसाचा अर्ज करतोय. विकायचं तूर्त रद्द.

प्रतिसाद :

नंबर जुळला हे उत्तम, म्हणजे नळ्या मूळच्याच. सोसायटीच्या बंदुकांच्या नोंदवह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. तो नंबर आणि पट्टीवरचा मजकूर कळवून ईमेल करा, विक्रीची नोंद मिळू शकेल. बक्षिसाची कथा अगदीच खोटी ठरवू नका. ते दुकान मुळात सभासदांचं, म्हणजे अधिकाऱ्यांचं. पहिला मालक साहेबच असणार.

धागाकर्ता :

ईमेल केला. दरम्यान आत्याला फोन लावला, वय ८४. म्हटलं, बंदूक खरंच बक्षीस मिळाली होती का गं? म्हणाली, "बक्षीसच रे. पण त्या बक्षिसाचे पैसे आजोबांच्या पगारातून तीन वर्षं कापत होते, असं आजी सांगायची."