मदत हवी आहे: कुठली फाइल सेव्ह व्हायची राहिलीय हे चटकन कसं कळेल?

खटपट्या
वैताग आलाय. एका वेळी भरपूर फाइली उघड्या असतात, इथे दोन ओळी बदल, तिथे एक, मग प्रोग्राम चालवावा तर जुनाच कोड चालतो आणि चूक शोधण्यात वेळ जातो. टॅबवर तो बारीकसा ठिपका येतो तो दिसतच नाही. शिवाय बाजूच्या यादीत नावापुढे एम येतो तो सेव्ह केलं तरी जात नाही, मग सेव्ह होतंय की नाही? उद्या काम द्यायचंय, पटकन सांगा कोणीतरी. ऑटोसेव्ह नकोय, आधीच सांगतो.

पानगळ
कुठला एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम, ते लिहिलंच नाहीत. विंडोज का मॅक? प्रत्येकाची खूण वेगळी असते हो. एक्लिप्समध्ये फाइलच्या नावाआधी तारा येतो, नोटपॅड++ मध्ये टॅबवरची फ्लॉपी लाल होते आणि सेव्ह केलं की निळी.

शब्दवेल्हाळ
फाइल मेनू, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, तिथे रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स. माझं एक अख्खं प्रकरण यातून परत मिळालं होतं.

पानगळ
@शब्दवेल्हाळ, ते वर्डचं झालं, इथे कोडबद्दल चाललंय. आणि त्यांचं काही हरवलेलं नाहीये.

काळी_खिडकी
विम एडिटर शिका, कटकटच मिटेल. एलएस कमांड दिली की सगळ्या उघड्या फाइलींची यादी येते आणि सेव्ह न केलेल्यांपुढे + असतो. तशीच फाइल बंद करायला गेलात तर ई३७ एरर देऊन अडवतो. ठिपके शोधत बसायची गरजच नाही.

खटपट्या
व्हीएस कोड, अजून कुठला. विंडोज. उद्या काम द्यायचंय आणि आज विम शिकू?

रानवारा
तो एम सेव्हचा नाहीच. तो गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामचा आहे. मॉडिफाइड, म्हणजे शेवटच्या कमिटनंतर (बदल गिटमध्ये नोंदवल्यानंतर) फाइल बदललीय. कमिट करेपर्यंत तो तिथेच राहणार. सेव्हची खूण फक्त ठिपका, टॅब बंद करायच्या फुलीच्या जागी येतो तो. दोन वेगळ्या गोष्टी एकाच यादीत शेजारी शेजारी दाखवल्यावर गोंधळ होणारच, मला तरी हा इंटरफेसचाच दोष वाटतो.
आता उपाय. सेटिंग्जमध्ये 'हायलाइट मॉडिफाइड टॅब्ज' शोधा आणि चालू करा, सेव्ह न केलेल्या टॅबच्या वरच्या कडेला ठळक रेघ येते. टॅब खूप असतील तर 'रॅप टॅब्ज' पण करा, नाहीतर अर्धे टॅब सरकून बाजूला जातात आणि त्यांच्यावरचा ठिपका दिसायचा प्रश्नच येत नाही. शिवाय डावीकडच्या एक्सप्लोररच्या आयकॉनवर आकडा येतो तो सेव्ह न झालेल्या फाइलींचाच.

खटपट्या
डावीकडची आयकॉनांची पट्टी मी लपवलीय, जागा खाते. रेघ चालू केली, बरीच बरी दिसते. पण पूर्वी चालवताना आपोआप सेव्ह व्हायचं असं पक्कं आठवतंय, ते का बंद झालं?

पानगळ
चालवता कसं? एफ५ दाबून की टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडच्या खिडकीत, कमांड टाइप करून?

खटपट्या
टर्मिनल. हल्लीच सुरू केलंय.

पानगळ
मग तेच कारण. एफ५ने डीबगर (चुका शोधायचं साधन) सुरू होताना व्हीएस कोड आधी फाइली सेव्ह करतो, सेटिंग बदललं नसेल तर. टर्मिनलमध्ये तुम्ही काय टाइप करताय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कंट्रोल के आणि मग एस, सगळ्या फाइली एकदम सेव्ह. कमांड द्यायच्या आधी हाताला तेवढी सवय लावा.

जुनाजाणता
अवांतर: मॅकवर खिडकी बंद करायच्या लाल बटणातच ठिपका यायचा, आणि तीच जागा योग्य, कारण बंद करायला जाताना नजर तिथेच जाते. २०११ साली मॅकच्या लायन आवृत्तीपासून ऑटोसेव्ह आलं आणि बऱ्याच ॲपमध्ये शीर्षकाशेजारी 'एडिटेड' दिसायला लागलं. विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये तर शीर्षकात तारा यायला २०१९ उजाडलं.

काळी_खिडकी
बटणात ठिपका योग्य कसा? बंद करायला जाईपर्यंत उशीर झालेला असतो. माणसाचं लक्ष कर्सरजवळ असतं, खूण तिथे हवी.

जुनाजाणता
कर्सरजवळ सतत काही लुकलुकत राहिलं तर लिहिणार कसं माणूस?

रानवारा
@खटपट्या, ऑटोसेव्ह का नको ते तरी सांगा.

खटपट्या
कारण अर्धवट ओळ सेव्ह होते, सर्व्हर लगेच रीस्टार्ट होतो आणि एररचा पाऊस पडतो.

रानवारा
तो 'आफ्टर डिले' प्रकार, टायपिंग थांबलं की १००० मिलिसेकंदांनी सेव्ह करतो. शिवाय त्यात फॉरमॅट ऑन सेव्ह (सेव्ह करताना कोडची मांडणी आपोआप नीट करणं) पण चालत नाही. तुम्ही 'ऑन फोकस चेंज' घ्या. त्या फाइलमधून बाहेर पडलात की मगच सेव्ह होतं, आणि टर्मिनलमध्ये क्लिक करणं म्हणजे बाहेर पडणंच. तुमच्या कामाला हेच हवं.

काळी_खिडकी
आणि मध्येच दुसरी फाइल बघायला गेलो तर? अर्धी ओळ तशीच सेव्ह होणार.

रानवारा
होणार, हे खरंय. ते चालणार नसेल तर कंट्रोल के, एस.

खटपट्या
फोकस चेंज लावून बघितलं. टर्मिनलमध्ये गेलो की ठिपका जातो आणि नवीन कोड चालतो. सध्या हेच ठेवतो, रेघ पण राहू दे. @रानवारा, @पानगळ, आभार. एम कमिट केल्यावर गेला.