गाणं रेकॉर्ड आणि एडिट करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तारसप्तक: गिटार आणि आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करून एकत्र बसवायचेत. पुढेमागे ड्रम्सही घालायचेत. विंडोजचा लॅपटॉप आणि यूएसबी माइक आहे, बाकी पाटी कोरी. कोणी ऑडॅसिटी म्हणतं, कोणी एबलटन. लगेच पैसे घालायचे नाहीत. शिवाय गिटार ऐकत गायलो की रेकॉर्डिंगमध्ये आवाज मागे पडतो. ताल माझाच कच्चा की काय?

बेसूर_पण_खूश: ऑडॅसिटी. फुकट आहे, हलकं आहे, कापाकापी एका संध्याकाळी जमते.

खर्ज: पॉडकास्ट असता तर मीही ऑडॅसिटीच म्हटलं असतं. पण ड्रम्स म्हटले की मिडी आलं (म्हणजे आवाज नव्हे, काय कधी वाजवायचं याच्या सूचना), आणि तिथे ऑडॅसिटी तोकडं पडतं. रीपर उतरवून घ्या. ६० दिवस वापरून बघता येतं, एकही सोय बंद नसते. तुकडा कापला तरी मूळ फाइल शाबूत राहते. कापलेली कड माउसने मागे ओढली की गेलेला शब्द परत हजर.

तालाचं म्हणाल तर आधी सांगा, हेडफोन वायरचे आहेत ना? ब्लूटूथमध्ये गिटार तुमच्या कानावर उशिरा पोचते, तुम्ही तिच्याबरोबर गाता, म्हणजे उशिराच गाता. वायरचे असतील तर सेटिंगमध्ये बफर बघा, म्हणजे लॅपटॉप एका खेपेला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) हाताळतो ते. ४४,१०० हर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे एका खेपेला २३ मिलिसेकंद. १२८ केला की तीनच्याही आत. मिक्सिंगला मात्र परत वाढवा, नाहीतर तडतड सुरू होते.

तारसप्तक: ब्लूटूथच आहेत! वायरचे शोधतो. आणि दोन टेक जोडले की सांध्यावर ‘टक्’ येतो, त्याचं काय?

खर्ज: लाट मध्येच तोडली की येणारच. तुकडे जरासे एकमेकांवर चढवून ५-१० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे पहिला विरत जातो तसा दुसरा चढत येतो. कापायचं ते श्वासाच्या आधी, मध्ये नाही. आणि सगळे श्वास पुसू नका हो, ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो.

मंद्र_मध्य: खर्ज +१. २४ बिटला रेकॉर्ड करा, सगळ्यात जोरकस ओळ मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. फाटलेला आवाज नीट सुधारत नाही, बारीक आलेला वाढवता येतो. मॅकवाल्यांनी गॅरेजबँडपासून सुरुवात करावी, फुकट आहे आणि ड्रम्स त्यातच मिळतात.

बेसूर_पण_खूश: क्रॉसफेडचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.